हॉपकिन बेनन उत्तरेला गेला

ब्रिनमेलिनच्या लोकांनी सग्डनला नदीत टाकलं, तेव्हा त्याचे पाय हॉपकिन बेननने धरले होते आणि हात एझर प्यूने.

सग्डन हा उत्तर इंग्लंडातल्या एका क्लबाचा दलाल. खेळाडू हेरायचे, त्यांना गोड बोलून उत्तरेला न्यायचं, हा त्याचा धंदा. तिकडच्या क्लबांनी रग्बी खेळायचे पैसे द्यायला सुरुवात केली, तिथून खेळाची दोन घरं झाली. इकडे वेल्सच्या खोऱ्यांत नियम एकच: पैसा घेतला की माणूस बाटला. मग तो पुन्हा इकडच्या मैदानात उतरू शकत नाही, क्लबाच्या खोलीत बसू शकत नाही, आणि त्याच्यासोबत कुणी खेळला तर तोही बाटला. एकदा उत्तरेला गेला की दार बंद, ते मरेपर्यंत.

तर हा सग्डन डोक्यावर टोपी घालून आणि खिशाला सोन्याची साखळी लावून भरदिवसा 'नांगर' नावाच्या दारूच्या गुत्त्यात येऊन बसला आणि हाफबॅकच्या जागेवर खेळणाऱ्यांची चौकशी करू लागला. एझर त्याच्या टेबलाशी गेला, अदबीने वाकला आणि म्हणाला, "साहेब, पोहता येतं का?"

"का बरं?"

"नाही, आमची नदी तशी उथळ आहे. पण अंगाला काळं लागतं."

दहा मिनिटांत सग्डन कोळसा धुतलेल्या त्या काळ्या पाण्यात कमरेएवढा उभा होता आणि त्याची टोपी पुलाखालून चालली होती. काठावर अख्खं गाव हसत होतं. सग्डनही विलक्षण माणूस. तोंड पुसून म्हणाला, "दोघांचीही पकड चांगली आहे." मग तर लोक आणखीच हसले. ही गोष्ट अठराशे सत्त्याण्णव सालची.

हॉपकिन आणि एझर बारा वर्षांचे असताना एकाच सोमवारी खाणीत उतरले होते. अंधारात शेजारी शेजारी काम करून दोघांना एकमेकांचा श्वास ओळखू यायचा. मैदानावर तेच उपयोगी पडलं. दोन्हीकडचे आठ-आठ गडी डोक्याला डोकी भिडवून रेटारेटी करायचे, त्याला स्क्रम म्हणतात. त्या पायांच्या जंगलातून चेंडू बाहेर आला की एझर तो उचलायचा आणि मागे वळून न बघता फेकायचा. हॉपकिन तिथे असायचाच. कधी हॉपकिन पकडला जायचा, मग तो तसाच न बघता उजवीकडे सोडायचा आणि एझर तिथे असायचा. या जोडीलाच हाफबॅक म्हणतात. दोघांनी कधी हाक मारली नाही. पाहुणे संघ विचारायचे, तुमची काय खूण ठरलेली असते? खूण कसली असणार?

पुढे हॉपकिनने एझरच्या धाकट्या बहिणीशी, केटुराशी लग्न केलं. तेव्हापासून एझर त्याला चारचौघांत "दाजी, दाजी" म्हणून छळायचा. "दाजी, जरा पळा की! बहिणीला वैधव्य नको, पण ट्राय हवाय!" असं तो भर सामन्यात ओरडायचा. समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की तो ट्राय.

एकदाच त्या हसण्याला तडा गेला. अठ्ठ्याण्णवच्या सुरुवातीला वेल्सच्या संघात हॉपकिनला बोलावणं आलं. एकट्याला. जोडीला कार्डिफचा कुणीतरी दिला होता. एझरने स्वतः हॉपकिनचे बूट चरबी लावून मऊ केले, स्टेशनवर पोचवायला आला, गाडी हलेपर्यंत टिंगल करत राहिला. त्या सामन्यात हॉपकिनला काही सुधरलं नाही आणि पुन्हा बोलावणंही आलं नाही. परतल्यावर एझर म्हणाला, "माझ्याशिवाय तुला काय येतं रे?" सगळे हसले. हॉपकिनही हसला. मग एझर चिलीम साफ करत, वर न बघता हळूच म्हणाला, "माझं नाव निघालं होतं का तिकडे कुणाच्या तोंडून?"

"निघालं होतं," हॉपकिन म्हणाला. ते खोटं होतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मालकांनी खाणींना कुलपं लावली. मजुरीचा तंटा होता. मे गेला, जून गेला. माणसं डोंगरावर बसून खाली बंद पडलेल्या चाकांकडे बघायची. सिलोम चॅपेल या गावच्या प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत दुपारी सगळ्या गावासाठी सूप शिजायचं. सूप कसलं, सलगम उकडलेलं पाणी. हॉपकिनची मुलगी ओल्वेन तेव्हा दीड वर्षाची होती. एप्रिलमध्ये ती भिंतीला धरून चालू लागली होती, जुलैत पुन्हा रांगू लागली. केटुरा तिचे पाय तळहातावर घेऊन बघत बसायची.

हॉपकिन गोदीत काम मिळतंय का बघायला चालत कार्डिफला गेला. काम नव्हतं. स्टेशनसमोरच्या चहाच्या दुकानातून कुणीतरी काच वाजवली. आत सग्डन बसला होता. नवी टोपी घालून.

"बस," सग्डन म्हणाला. "इथे नदी नाहीये."

त्याने चहा मागवला, पाव-लोणी मागवलं, हॉपकिनचं खाणं होऊ दिलं. मग म्हणाला, "मी चिठ्ठी पाठवणार नव्हतोच. तुमच्या क्लबाचा सेक्रेटरीच गावचा पोस्टमास्तर आहे म्हणे. ऐक. मला जोडी हवी. प्यू आणि बेनन. दोघांना गॅसच्या कारखान्यात पक्कं काम, दोघांना घर, खेळायचे पैसे वेगळे. जोडी नसेल जमत, तर एकटा तूही चालशील. पण उद्या संध्याकाळच्या आत इथे येऊन सांग, गाडीभाडं मी देईन. मला दुसरीकडेही बघायचंय."

वीस मैलांच्या परतीच्या वाटेवर हॉपकिन एझरशी काय बोलायचं ते जुळवत राहिला. गाव दिसू लागलं तेव्हा सगळं जुळलं होतं. एझर कोळशाच्या राखाडी ढिगावर बसून चुलीपुरते तुकडे पोत्यात वेचत होता. त्याने हात हलवला.

"काय दाजी, मिळालं काही?"

हॉपकिन त्याच्याजवळ जाऊन उकिडवा बसला.

"नाही," तो म्हणाला.

"मला ठाऊकच होतं. हे घे, ओल्वेनला." एझरने कोटाच्या आतून एक गाजर काढलं. कुठून आणलं होतं देव जाणे. "आणि तोंड पाडून बसू नकोस. सप्टेंबरात हंगाम सुरू होतोय. सगळ्याच गावांची पोटं खपाटीला गेलीत, मग हरवायला काय हरकत आहे?"

हॉपकिन गाजर हातात धरून बसून राहिला. नदीकाठी सग्डनचे हात धरून उभा असलेला एझर त्याच्या डोळ्यांसमोर होता. हा नाहीच म्हणणार. आणि हा समोर बसून 'नाही' म्हणाला, की आपल्याला जाता येणार नाही. याच्या नकारावर पाय देऊन जायची आपल्यात धमक नाही. ओल्वेन रांगते आहे. त्याने विचारलं नाही. इतकंच झालं. त्या ढिगावर बसून त्याने एक प्रश्न विचारला नाही.

घरी त्याने केटुराला सांगितलं. ती चुलीशी उभी होती. तिने बराच वेळ ओल्वेनकडे बघितलं आणि म्हणाली, "जाऊ या."

मग म्हणाली, "एझरला सांगितलंस?"

"नाही. तो मला जाऊ देणार नाही."

"त्याला नाही का बोलावलं त्यांनी?"

"मला एकट्यालाच," हॉपकिन म्हणाला.

ब्रिनमेलिनच्या स्टेशनवरून गेले असते तर दुपारपर्यंत गावाला कळलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे, ओल्वेनला शालीत बांधून, दोघं डोंगर ओलांडून शेजारच्या खोऱ्यातल्या स्टेशनवर गेले. माथ्यावर केटुरा एकदा थांबली. खाली गावातल्या धुराड्यांपैकी एकच धूर सोडत होतं. "आईनं चूल पेटवली," ती म्हणाली आणि चालू लागली.

सग्डनच्या क्लबाचं ऑल्डनशॉ हे उत्तरेतलं सूतगिरण्यांचं गाव. पाण्याचा नळ मागच्या अंगणातच होता, याचं केटुराला आठवडाभर नवल वाटत राहिलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. शेजारणी दारात येऊन काहीबाही विचारायच्या आणि ती ओल्वेनला पुढे करून हसायची. दूध रोज मिळू लागलं. ऑक्टोबरात ओल्वेन उठून उभी राहिली आणि चालली. त्या दिवशी केटुराने हॉपकिनच्या कपाळावर कपाळ टेकलं. आपण केलं ते बरोबर केलं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

पहिल्या सामन्याला दहा हजार लोक होते. खेळ तोच, पण वेगळा. रेषेबाहेर गेलेला चेंडू रांगा लावून आत फेकायची पद्धत इकडे बंद झाली होती, सगळं भराभर चालायचं. हॉपकिनला ते आवडलं. दहाव्या मिनिटाला त्याला दोघांनी घेरलं आणि त्याने चेंडू न बघता उजवीकडे सोडला. चेंडू गवतावर पडला, दोन टप्पे घेतले आणि समोरच्या संघाच्या माणसाने उचलून ट्राय केला. त्याचा नवा जोडीदार, सॅम क्रॉली नावाचा लाल केसांचा भला माणूस, चार हात लांब उभा होता.

"अरे टॅफी, कुणाला दिलास तो?" सॅमने विचारलं. वेल्सच्या कुठल्याही माणसाला तिकडे टॅफीच म्हणत. स्टँडमधून कुणीतरी ओरडलं, "भुताला दिला!" आणि लोक खदखदून हसले.

त्या महिन्यात असं चारदा झालं. मग हॉपकिन बघून पास द्यायला शिकला. बघायला जो क्षण लागतो, तो त्याने पायांतून भरून काढला. वर्षभरात ऑल्डनशॉची पोरं भिंतींवर त्याचं नाव लिहू लागली, न्हावी पैसे घेईना. पेपरात त्याच्यावर रकाने येऊ लागले. तो ती कात्रणं कापून ठेवायचा. कुणाला दाखवायची ते मात्र त्याला कळायचं नाही.

एझरला त्याने तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. सासूची पत्रं केटुराला यायची. नांगरमधल्या संघाच्या फोटोतून हॉपकिनचा चेहरा पात्याने कापून काढला होता. ज्या सभेत त्याला कायमचं काढून टाकलं, त्या सभेत ठराव एझरने मांडला. "पण जावईबापूंना एक सांग," असं सासूने खाली लिहिलं होतं. "सामन्याच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत त्यांच्या खुंटीवर एझर कुणाला कोट टांगू देत नाही. मागे एकानं टांगला तर तो खिडकीतून बाहेर फेकला."

नव्व्याण्णवच्या नोव्हेंबरात खाणीत छत कोसळलं. दोघं जागीच गेले. एझरला चार तासांनी काढलं. जिवंत होता, पण कमरेखाली काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पाठीचा कणा.

जानेवारीत त्याच्या मदतीसाठी सामना ठरला. ब्रिनमेलिनविरुद्ध खोऱ्यातल्या बाकी सगळ्या गावांचा संघ, गोळा होईल ते एझरच्या घराला. ते कळताच हॉपकिनने रजा घेतली आणि केटुरा-ओल्वेनला घेऊन तो निघाला. येताना बूट बरोबर घेतले. केटुराने ते ट्रंकेत बघितले आणि झाकण लावलं.

गावात उतरल्यावर तो आधी पोस्टात गेला. गावात तीन मोर्डेकाय होते, म्हणून क्लबाच्या सेक्रेटरीला मोर्डेकाय पोस्ट म्हणत. हॉपकिनला त्यानेच लहानपणी पहिला चेंडू दिला होता. मोर्डेकाय तिकिटं मोजत होता, मोजतच राहिला.

"मोर्डेकायकाका, मला उद्या खेळायचंय."

"तुला माहितीये ते होणार नाही."

"मी पैसे घेत नाहीये. एझरसाठी खेळतोय."

"लेका, तू कशासाठी खेळतोस ते कार्डिफच्या रग्बी संघटनेचे लोक विचारणार नाहीत. तू मैदानात पाऊल टाकलंस की तीस पोरं बाटली. तिसांचीही नावं जातील. माझा क्लब बंद होईल." त्याने तिकिटं खाली ठेवली. त्याचे डोळे लाल झाले होते. "तिकीट काढून बघायला ये. तुला कोण अडवतंय? पण दोरीच्या आत येऊ नकोस. हात जोडतो तुझ्यापुढे."

तिथून तो एझरकडे गेला.

एझरचा पलंग खालच्या खोलीत खिडकीशी लावला होता. खांदे तसेच रुंद होते, चेहरा मात्र म्हाताऱ्याचा झाला होता. सासू ओल्वेनला घेऊन आत गेली. हॉपकिन दारातच उभा राहिला.

"ये दाजी," एझर म्हणाला. "पाय पुस. आईनं फरशी धुतलीय."

हॉपकिनने पाय पुसले. खुर्चीवर बसला. दोघं गॅसच्या कारखान्याबद्दल बोलले, कोळशाबद्दल बोलले. रेषेबाहेरच्या चेंडूचं तिकडे काय करतात, ते एझरने बारकाईने विचारून घेतलं. मग तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"तो टोपीवाला. त्यानं माझं नाव घेतलं होतं का?"

हॉपकिनच्या डोळ्यांसमोर पांघरुणाखालचे ते दोन निश्चल उंचवटे होते. खरं सांगितलं, तर हा माणूस हिशेब करील. मी तिकडे असतो, तर नोव्हेंबरात त्या छताखाली नसतो. हे ओझं त्याच्यावर टाकायचं? त्यापेक्षा नको.

"नाही," तो म्हणाला. "माझ्या एकट्याचंच."

एझरने मान हलवली. "हं. मला वाटलंच होतं." मग म्हणाला, "कार्डिफवाल्यांनीही नाही घेतलं कधी. तू म्हणाला होतास घेतलं म्हणून, पण मला कळलं होतं." आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉपकिन तिकीट काढून मैदानात गेला. दोरीच्या बाहेर उभा राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंना माणूसभर जागा रिकामी पडली. शिव्या कुणी दिल्या नाहीत, फक्त बाजूला झाले. त्याच्या लहानपणीच्या घराशेजारची म्हातारी टिबॉट मात्र येऊन त्याच्या हाताला धरून उभी राहिली. "माझं कोण काय वाकडं करणारे?" ती म्हणाली. "मी कुठे खेळणारे!"

ब्रिनमेलिनचे दोन नवे हाफबॅक होते, अठरा-एकोणीस वर्षांचे. स्क्रममधून चेंडू आला की एकमेकांना "इकडे! इकडे!" म्हणून ओरडायचे. हॉपकिन ते ऐकत उभा होता आणि त्याच्या कानांत कालचं ते "मला वाटलंच होतं" घुमत होतं. पोरपणापासून सोबत असलेल्या माणसाला आपण काय देऊन आलो? तू कुणालाच नको होतास, हे. तेही खोटं. सामना संपायची वाट न बघता तो वळला आणि चढावरून जवळजवळ पळतच गेला.

केटुरा पलंगाशी बसून भावाला चमच्याने सूप भरवत होती. हॉपकिन धापा टाकत आत शिरला.

"कोण जिंकतंय?" एझरने विचारलं.

"एझर, मी काल खोटं बोललो. सग्डनला जोडी हवी होती. दोघांना बोलावलं होतं."

केटुराचा चमचा हवेतच राहिला.

"दोघांना?" एझरने विचारलं.

"दोघांना. प्यू आणि बेनन म्हणाला तो. तुझं नाव आधी घेतलं."

एझरचा चेहरा असा उजळला, की त्या खोलीत बारा वर्षांचा पोरगा बसला आहे असं वाटावं. "आधी माझं?"

"हो."

"मग त्याला खेळ कळतो!" एझर हसू लागला. हसताना छातीत दुखायचं तरी हसला. "पाण्यात उभा राहून काय म्हणाला होता... दोघांचीही पकड..." आणि मग ते हसू हळूहळू ओसरलं. त्याची नजर पांघरुणावरून खाली खाली सरकत गेली आणि तिथेच थांबली. हॉपकिनला वाटलं, आता हा ओरडेल. तो ओरडला नाही.

"विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणशील वाटलं. तू त्याला नदीत..."

"ती गंमत होती रे," एझर म्हणाला. "गंमत होती. मी त्या ढिगावर राख चिवडत होतो, हॉपकिन. माझ्याही आईच्या पोटात काही नव्हतं. मी तर चालत आलो असतो." त्याने डोळे मिटले. "केटुरा, याला बाहेर ने."

परतीच्या वाटेवर, क्रू स्टेशनला गाडी बदलताना, ओल्वेन कडेवर झोपलेली असताना, ती फलाटावर उभी राहून म्हणाली, "मी तुला विचारलं होतं."

"हो."

"त्याच्या सख्ख्या बहिणीला तू 'एकट्यालाच' म्हणालास."

"तो नाही म्हणाला असता तर मलाही जाता आलं नसतं. ओल्वेन..."

"ओल्वेनचं नाव घेऊ नकोस," ती म्हणाली.

ती त्याचा डबा भरत राहिली, त्याचे कपडे धूत राहिली. सामन्याच्या दिवशी त्याच्या गुडघ्याला पट्टा बांधून देत राहिली. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं हॉपकिनला रोज वाटायचं.

तो मात्र त्या वसंतात आयुष्यात कधी खेळला नव्हता असा खेळला. स्वतःच्या अंगाची पर्वाच सुटली होती. ऑल्डनशॉ चषकाच्या उपांत्य फेरीत पोचलं. एप्रिलच्या एका शनिवारी वीस हजार लोकांसमोर त्याने दोन ट्राय केले, दुसरा तर तिघांना चकवून. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन स्टेशनापर्यंत मिरवत नेलं. बँड होता.

सासूचं पत्र मंगळवारी आलं. केटुराने उभ्याउभ्याच उघडलं, मोठ्याने वाचायला लागली आणि दुसऱ्या ओळीला खाली बसली. उरलेलं पत्र हॉपकिनने वाचलं.

एझर आदल्या बुधवारी गेला होता. ताप फुप्फुसात उतरला. शनिवारी दुपारी त्याला सिलोमच्या मागे पुरलं. सगळं खोरं आलं होतं, चढावर पुरुषांनी गायलेलं खाली नदीपर्यंत ऐकू येत होतं. "मोर्डेकाय तुम्हाला तार करायला निघाला होता," सासूने लिहिलं होतं. "पण एझरनं शुद्धीवर असतानाच त्याला बजावून ठेवलं होतं. म्हणाला, शनिवारी हॉपकिनची उपांत्य फेरी आहे, ती होऊ दे. मग कळवा. त्याचं शेवटचं म्हणणं मोडवेना. माझ्या लेकी, मला माफ कर."

हॉपकिनने ते पत्र तीनदा वाचलं. मग केटुराकडे बघितलं. "त्यानं माझ्यासाठी केलं का हे? मला खेळता यावं म्हणून? की..."

"की काय?"

"की तू मला सांगितलं नाहीस, आता मीही तुला सांगत नाही, असं?"

केटुरा भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. "मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "मला माझ्या भावाचं तोंड बघायचं होतं. ते राहिलं. तू दोन ट्राय केलेस."

अंतिम सामना ऑल्डनशॉ हरलं. पुढच्या हंगामात, म्हाताऱ्या राणीच्या अखेरच्या महिन्यांत, हॉपकिनचा गुडघा गेला आणि खेळ संपला. न्हावी पुन्हा पैसे घेऊ लागला. गॅसच्या कारखान्यातलं काम राहिलं. ओल्वेन तिथल्याच बोलीत बोलत मोठी झाली. आईचं बोलणं तिला समजायचं, उत्तर मात्र ती इंग्रजीत द्यायची. केटुरा आणि हॉपकिन एका छपराखाली राहिले, आजारपणं काढली, एकमेकांना औषधं दिली. ती एझरचं नाव घ्यायची नाही. त्याने घेतलं तर उठून अंगणात जायची आणि नळ सोडायची.

सासू गेली तेव्हा एझरला जाऊन अकरा वर्षं लोटली होती. मातीनंतर हॉपकिन लंगडत पोस्टात गेला. मोर्डेकाय खूप थकला होता, एका कानाने ऐकू येत नव्हतं. हॉपकिनने त्याच्या बऱ्या कानाशी वाकून विचारलं, "मोर्डेकायकाका, तार करू नको असं एझर म्हणाला, ते कसं म्हणाला? रागानं? की हसून?"

म्हाताऱ्याने विचार केला. त्याला खरंच आठवायचं होतं, हे त्याच्या कपाळावरून दिसत होतं.

"साधंच म्हणाला रे," तो म्हणाला. "पाणी मागावं तसं."

हॉपकिन थोडा वेळ तिथेच, खिडकीच्या पितळी गजांना धरून उभा राहिला. मागे टपालासाठी माणसं खोळंबली होती. मग त्याने टोपी घातली आणि चार वाजताच्या गाडीसाठी स्टेशनकडे निघाला.